मागची भिंत : सिनेमातल्या जागा काय काय सांगत असतात?

ओसरी

गेल्या रविवारी बाबांबरोबर नागराज मंजुळेंचा 'फॅन्ड्री' सिनेमा पाहिला. माझी तिसरी वेळ, त्यांची पहिली. बाबांचं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं, त्यामुळे पहिला अर्धा तास ते "हा बांध बघ", "ही बाभूळ बघ" असंच चाललं होतं. मग गप्प झाले. शेवटाकडे डुक्कर धरलं जातं, काठीला उलटं टांगून शाळकरी नायक जब्या आणि त्याच्या घरचे ते खांद्यावरून नेऊ लागतात, तेव्हा एकदम म्हणाले, "थांब. मागं घे जरा."

मागे घेतलं. "अजून एकदा." तीनदा घेतलं. मग म्हणाले, "डुकराकडं नको बघू. भिंतीकडं बघ."

शाळेची भिंत. तिच्यावर रंगवलेले बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. आणि त्यांच्यासमोरून काठी खांद्यावर घेतलेला जब्या. २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरात पाहिला तेव्हा ही भिंत माझ्या डोळ्यांसमोरून गेलीच असणार, पण माझा सगळा जीव जब्याला आवडणारी शालू बघतेय का नाही यात अडकला होता. मला भिंत दिसलीच नव्हती. बाबांना पहिल्याच वेळी दिसली.

त्या रात्री मी पुन्हा एकटीने शेवटची वीस मिनिटं पाहिली. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. शाळेने जे शिकवलं ते हा मुलगा इतकं मनापासून पाळतो, आणि त्याच शाळेच्या भिंतीबाहेर बाकीची मुलं त्याच्यावर हसतात. आधी वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा'. तो ऐकणारा मुलगा गोरी शालू वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतोय आणि एका जीन्ससाठी झुरतोय. अभंग, राष्ट्रगीत, भिंत. तिन्ही गोष्टी शाळेच्याच आहेत, हे मला तिसऱ्या वेळी कळलं.

मला यातलं सगळ्यात जास्त कशाने हलवलं असेल तर यातलं काहीच लपवलेलं नाही. हे पडद्यावर पूर्ण आकारात आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंती अशा रंगवलेल्या असतात, त्यांना 'बोलक्या भिंती' म्हणतातच.

तर धागा यासाठी. तुम्हाला एखाद्या सिनेमातल्या जागेने, घराने, भिंतीने, वस्तूने असं काही सांगितलंय का, जे कथेतल्या कुणीच तोंडाने बोललं नाही? आंतरजालावरच्या 'तुम्हाला माहीत नसलेल्या दहा गोष्टी' छापाच्या याद्या नकोत. तुम्ही स्वतः पाहिलेली एक चौकट सांगा.

---

घाटमाथा

'फॅन्ड्री'च असेल तर जत्रेतला दिवा. जब्याला हलगीच्या तालावर नाचायचंय, आणि बाप त्याला मिरवणुकीत डोक्यावर बत्ती धरून उभं करतो. त्याच्या डोक्यावरच्या उजेडात बाकीचे नाचतात. आमच्या गावच्या छबिन्यात बत्त्या धरणारी माणसं वर्षानुवर्षं त्याच दोन घरांतली असायची. मी लहानपणी त्यांच्या उजेडात नाचलोय. सिनेमा पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यांची आठवण काढायला बसलो, एकही चेहरा डोळ्यांसमोर आला नाही.

---

काचकवडी

छान धागा, ओसरी. पण 'लपवलेलं काही नसतं' हे सगळ्याच सिनेमांना लागू होत नाही. मी 'द शायनिंग' (१९८०) घेऊन येते, कारण या बाबतीत इतका खणलेला दुसरा सिनेमा नसेल.

गोष्ट घडते ते ओव्हरलुक हॉटेल दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने आतून जवळजवळ सगळं लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत उभारलं होतं. बाहेरून दिसतं ते ओरेगनमधलं टिंबरलाइन लॉज, आतल्या मोठ्या दिवाणखान्याचा नमुना कॅलिफोर्नियातल्या आवानी हॉटेलचा, आणि तो लालभडक संडास-बाथरूमचा सेट अ‍ॅरिझोनातल्या एका हॉटेलावरून सुचलेला. म्हणजे हे हॉटेल मुळातच तीन-चार ठिकाणांचे तुकडे जोडून झालेलं.

आता सुरुवातीचा मुलाखतीचा प्रसंग बघा. हॉटेलची राखण करायच्या नोकरीसाठी आलेला जॅक मॅनेजरच्या खोलीत शिरतो. मॅनेजरच्या पाठीमागे खिडकी आहे, बाहेर झाडं आणि भरपूर उजेड. पण जॅक ज्या वाटेने आत आला ती मनात जोडत गेलात तर त्या खोलीच्या चहूबाजूंना हॉटेलच आहे. तिथे खिडकी असूच शकत नाही. पहिल्यांदा बघताना हे लक्षात येत नाही, फक्त अस्वस्थ वाटतं. पुढे जॅकचा छोटा मुलगा डॅनी तीनचाकीवरून बोळांमधून फिरतो तेव्हाही हाच अनुभव. वळणं जुळत नाहीत, घर पायाखाली धरता येत नाही. एका प्रसंगात तो गालिच्यावर खेळत असतो, त्याच्याकडे एक चेंडू घरंगळत येतो, आणि पुढच्या शॉटमध्ये गालिच्याची नक्षी उलट दिशेला वळलेली असते. ज्या वाटेने चेंडू आला ती वाटच मिटली.

मॅनेजर बोलता बोलता सांगतो की हॉटेल मूळ रहिवाशांच्या दफनभूमीवर बांधलंय आणि बांधताना त्यांचे हल्ले परतवावे लागले. विषय तिथेच संपतो. पण नंतर सिनेमाभर भिंतींवर, जमिनीवर त्यांच्याच नक्ष्या. कोठीघरात डब्यांच्या रांगेत कॅल्युमेट बेकिंग पावडरचे डबे, त्यांच्यावर पिसांचा टोप घातलेलं डोकं. माणसं घालवली आणि त्यांची नक्षी शोभेला ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली हिंसा ज्या घराच्या भिंतीतून झिरपते त्या घराची ही गोष्ट आहे, आणि ते सगळं सजावटीत आहे.

---

ओसरी

काचकवडी, खिडकीचं वाचून अंगावर काटा आला. मी तो सिनेमा एकदाच पाहिलाय. पण एक विचारते. हा सिनेमा म्हणजे चंद्रावर माणूस उतरल्याच्या बनावट चित्रीकरणाची कबुली आहे, असंही लोक म्हणतात ना? मग तुमचे बेकिंग पावडरचे डबे खरे आणि त्यांचा चंद्र खोटा, हे कसं ठरवायचं?

---

काचकवडी

प्रश्न अगदी रास्त आहे. अशा सगळ्या अर्थांवर 'रूम २३७' नावाचा माहितीपटच आहे, २०१२ चा. त्यात डॅनीच्या अपोलो ११ लिहिलेल्या स्वेटरवरून चंद्रापर्यंत जातात. भुताटकीच्या खोलीचा क्रमांक मूळ कादंबरीत २१७ होता, सिनेमात २३७ झाला, यावरूनही बरंच रचलं गेलं. कारण अगदी साधं आहे. टिंबरलाइन लॉजमध्ये २१७ क्रमांकाची खोली खरीच होती. सिनेमानंतर तिथे कुणी राहायला धजणार नाही अशी मालकांना भीती वाटली, म्हणून त्यांच्याकडे नसलेला क्रमांक घेतला.

तसंच एका भिंतीवरच्या पोस्टरमध्ये कुणाला ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा राक्षस दिसला. कुब्रिकचे सहायक लिऑन व्हिटाली यांनी सांगितलं की तो बर्फावरून घसरणारा माणूस आहे. जर्मन बनावटीच्या टाइपरायटरवरूनही असंच काय काय निघालं, तर तो कुब्रिकचा स्वतःचा होता.

माझी कसोटी अशी: ती खूण काढून टाकली तर सिनेमाचं काही कमी होतं का? राक्षस काढला तर काहीच नाही. दफनभूमी आणि नक्ष्या काढल्या तर ते हॉटेल नुसतं भुताचं घर उरतं.

---

रंधा

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, या धाग्यासाठी लिहितोय. मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम करतो. मालिका, जाहिराती आणि मोजके मराठी सिनेमे.

आधी काचकवडीताईंच्या गालिच्याबद्दल. एकच प्रसंग दोन-तीन दिवस शूट होतो. मध्ये सेट हलतो, लाइटवाले खुर्ची सरकवतात, दुसऱ्या दिवशी ती परत ठेवायची राहून जाते. काल काय कुठे होतं याचे, म्हणजे कंटिन्युइटीचे, फोटो काढलेले असतात तरी राहते. 'शायनिंग'मध्येच जॅकच्या मागची एक खुर्ची मध्येच नाहीशी होते, त्याचं कारण असंच काही असू शकतं. त्यामुळे नुसता बदल दिसला म्हणून अर्थ लावू नये. पण खिडकी ही वेगळी गोष्ट आहे. खिडकी चुकून बसत नाही. सुतार तिची चौकट करतो, बाहेर झाडांचा देखावा लावावा लागतो, त्यामागे दिवे उभे करावे लागतात. आठ-दहा माणसांचे हात लागल्याशिवाय सेटवर खिडकीतून ऊन पडत नाही. तेव्हा जिथे मेहनत जास्त, तिथे हेतू असण्याची शक्यता जास्त, असं मी धरतो.

आता माझा अनुभव. एका सिनेमात चाळीतलं स्वयंपाकघर लावायचं होतं. फडताळ, मांडणी, पिंप, स्टोव्ह, सगळं भाड्याच्या प्रॉपर्टीतून आणलं. भिंतीला तेलकट, धुरकट रंग चढवून तिचं वय वाढवलं. दिग्दर्शक बाई आल्या, मांडणीवरची भांडी एकेक उचलून बघू लागल्या. म्हणाल्या, "या भांड्यांवर नावं कुणाची आहेत?" प्रॉपर्टीची भांडी, कुठकुठली घरं मोडून आलेली, त्यांच्यावर कुणाचीही नावं. त्या म्हणाल्या, "हिच्या लग्नात मिळालेली भांडी हिच्या मामाने, काकाने, आत्याने दिली असणार. तीच नावं हवीत."

दिवसभर बसून सोळा भांड्यांवर नावं घालून घेतली. कथेत नसलेले मामा, काका, आत्या आम्ही ठरवले. कॅमेऱ्यात त्यातलं एकही अक्षर वाचता येत नाही. पण पुढच्या एका प्रसंगात नायिकेला घर सोडून जायचं होतं. तालमीत ती सरळ दाराकडे जायची. टेकच्या वेळी ती मांडणीपाशी थांबली, एक पातेलं उचललं, बुडाशी वाचलं आणि पिशवीत टाकलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमात ते आहे. बघणाऱ्याला वाटतं बाईने पातेलं घेतलं. आम्हाला माहीत आहे, ते आत्याचं होतं.

---

सरिता_न

रंधादादा, ते पातेलं वाचून डोळे भरले. माझ्या आईच्या कळशीवर तिच्या मावशीचं नाव आहे. मावशीआजीला जाऊन तीस वर्षं झाली.

---

हानकाठ

सोलमध्ये संशोधनासाठी काही वर्षं होतो, त्यामुळे 'पॅरासाइट'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१९ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर, त्यामुळे बहुतेकांनी पाहिला असेल.

जिने, चढ-उतार, वरून खाली वाहणारं पाणी यांवर भरपूर लिहिलं गेलंय. दिग्दर्शक बोंग जून-हो स्वतःच त्याला जिन्यांचा सिनेमा म्हणत. मला सांगायचंय ते त्यातल्या गरीब किम कुटुंबाच्या संडासाबद्दल.

त्यांच्या घरात संडास चौथऱ्यावर आहे, जवळजवळ छताला टेकलेला, दोन पायऱ्या चढून जावं लागतं. माझ्या भारतातल्या मित्रांना वाटलं, ही दिग्दर्शकाची कल्पना. तसं नाही. अशा अर्ध-तळघरांना तिथे 'बान्जिहा' म्हणतात. घराची जमीन रस्त्याखाली, आणि मैल्याची वाहिनी घराच्या जमिनीपेक्षा वर. मैला वर ढकलता येत नाही, म्हणून संडासच वर उचलून बसवतात. माझा एक सहकारी अशाच खोलीत राहायचा. तिथली खिडकी म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यांचे पाय.

आता ही तळघरं आली कुठून? उत्तर कोरियाशी तणाव वाढला तेव्हा १९७० मध्ये नियम झाला की नव्या इमारतींना तळघर हवं, युद्ध झालंच तर लपायला. तिथे राहायला परवानगी नव्हती. पुढे सोलमध्ये घरांची टंचाई झाली, लोक तिथे भाड्याने राहू लागले आणि १९८० च्या दशकात सरकारने ते कायदेशीर करून टाकलं.

हे डोक्यात ठेवून पार्क यांच्या श्रीमंत बंगल्याकडे बघा. त्या बंगल्याखालीही तळघर आहे. स्वयंपाकघराखालच्या कोठीत, कपाट सरकवलं की दार. तेही युद्धाच्या भीतीने बांधलेलं, आणि बंगल्याच्या आताच्या मालकांना ते ठाऊकसुद्धा नाही. म्हणजे दोन्ही घरांच्या पोटात एकाच भीतीची खोली आहे. एका घराने ती कपाटामागे बंद करून विसरून टाकली, दुसऱ्या घराचा तीच खोली म्हणजे अख्खा संसार आहे. हे मला तिथे राहून, घरमालकिणीशी बोलून कळलं. कोरियन प्रेक्षकाला ते बान्जिहा बघताक्षणी कळत असणार.

आणि हे सगळं सेट आहे! किम यांची अख्खी गल्ली पाण्याच्या टाकीत उभारली होती, पुराचा प्रसंग करता यावा म्हणून. बंगला जोंजू शहरात मोकळ्या जागेवर बांधला, आणि जागा निवडताना सूर्य कुठून कुठे जातो हे पाहिलं होतं, कारण बंगल्यात ऊन पसरायला हवं होतं आणि तळघरात त्याची एक चिंचोळी पट्टी. कलादिग्दर्शक ली हा-जून.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये सोलमध्ये प्रचंड पाऊस झाला आणि बान्जिहामध्ये पाणी शिरून माणसं गेली, एका कुटुंबातली तिघं. मी तेव्हा पुण्यात परतलो होतो. सहकाऱ्याला फोन लागेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ती सिनेमातली खिडकीच होती.

---

घाटमाथा

एकाच भीतीच्या दोन खोल्या. हे मी कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद, हानकाठ.

---

बस्ता

मी वकिली करते, म्हणून 'कोर्ट' (२०१४). चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात आणि हलवत नाहीत, त्यामुळे कोपऱ्यात काय चाललंय ते बघायला वेळ मिळतो. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, मग न्यायाधीश त्याचं इंग्रजी वाक्य करून लिहून घ्यायला सांगतात. साक्षीदाराचा अडखळलेला श्वास, 'तसं नाही, साहेब', सगळं त्या एका वाक्यात गळून जातं. कागदावर उरतं तेच पुढे खरं. हे मी रोज बघते, मीही ते करते. पडद्यावर बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्यातलं क्रौर्य दिसलं.

आणि सुट्टी लागते तो शॉट. खोली रिकामी होते, एकेक दिवा बंद होत जातो, दार लागतं, तरी कॅमेरा अंधारात तसाच थांबून राहतो. ज्याच्यावर खटला चाललाय तो शाहीर अजून तुरुंगातच आहे आणि न्यायालय बंद झालंय, हे अंधाराखेरीज कुणी बोलत नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ सिनेमा संपला समजून उठले होते.

---

आजोळ

नव्या सिनेमांबरोबर जुन्यांचीही आठवण करू या. प्रभातचा 'कुंकू', १९३७. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शन शांतारामबापूंचं. कोवळ्या नीराला फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलंय. काकासाहेबांच्या घरात एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे, काकासाहेबांच्याच वयाचं वाटावं असं. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे. त्यामुळे ते घड्याळ ऐकू येतं. आज संगीताने सगळी पोकळी भरून टाकतात. त्या घरात पोकळी तशीच ठेवलीय, आणि त्या पोकळीत नीरा उभी आहे.

आमच्या वाड्यातही असंच घड्याळ होतं. आजोबा गेल्यावर त्याला किल्ली द्यायची कुणाला सुचलं नाही.

---

निवडुंग

एक छोटंसं. हिचकॉकचा 'सायको'. मोटेल चालवणारा नॉर्मन भिंतीवरचं चित्र काढून भोकातून शेजारच्या खोलीत बघतो. ते चित्र 'सुझाना आणि वृद्ध' या बायबलमधल्या कथेचं आहे: अंघोळ करणाऱ्या स्त्रीवर चोरून नजर ठेवणारे म्हातारे. भोक झाकायला नेमकं तेच.

---

खडूफळा

ओसरी, तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे परत येतो, कारण मी त्या भिंतींच्या आतला माणूस आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, १९ वर्षं.

आमची भिंत मी दोनदा रंगवून घेतली. अनुदान थोडंसं, बाकीची वर्गणी. शेजारच्या गावचा पेंटर आला, त्याच्याकडे छापील चित्रांची घडी पडलेली गुंडाळी होती, त्यावरून त्याने चौकोन आखून चेहरे मोठे केले. आतल्या बाजूला पाढे, बाराखडी, पाण्याचं चक्र. रस्त्याच्या बाजूला महापुरुष. असं का, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. सगळीकडे तसंच असतं. आता विचार करतोय. पाढे मुलांसाठी म्हणून आत. महापुरुष मग कुणासाठी? रस्त्याने जाणाऱ्या गावासाठी. गावाने रोज त्यांच्यासमोरून जावं म्हणून. आणि 'फॅन्ड्री'त गाव त्यांच्यासमोरूनच जातं, त्यांच्यासमोरच हसतं.

अजून एक गोष्ट, जी रंगवणाऱ्यालाच कळते. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल उडून भिंतीचा खालचा हातभर पट्टा दरवर्षी खराब होतो. चेहरे नीट राहतात, खाली लिहिलेली वचनं जातात. आमच्याकडे आता चेहरे आहेत, वचनं नाहीत. दिवाळीनंतर पेंटरला बोलावतोय. या वेळी ओळी वर घेणार आहे.

---

ओसरी

खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "आमच्या वेळी भिंतीला नुसता चुना होता. पावसात पाठ टेकली की सदरा पांढरा व्हायचा." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

झोपायला जाताना त्यांनी विचारलं, "तो पोरगा त्या चित्रांकडं एकदा तरी बघतो का गं?"

मला आठवेना. दोन दिवस झाले, तीन वेळा पाहिलेला सिनेमा, शेवटची वीस मिनिटं तर पाचव्यांदा, आणि मला हे सांगता येईना. कुणी सांगू नका. शनिवारी रात्री आम्ही दोघं पुन्हा बसतोय, सुरुवातीपासून.